दात बघून चारा ओळखावा

गुरांच्या बाजारात बैल घेणारा माणूस आधी तोंड उघडतो. खालचा ओठ अंगठ्याने दाबतो आणि समोरचे दात मोजतो. सगळे दुधाचे असतील तर आदत, मधली पक्की जोडी आली असेल तर दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की बैल जुळला. वरच्या जबड्यात समोर दात नसतातच, तिथे नुसती टणक गादी असते. त्यामुळे सगळा व्यवहार खालच्या आठांवर ठरतो. बुलढाणा जिल्ह्यात चिखली-खामगावच्या वाटेवरच्या उंद्रीत ज्याने आयुष्यात एक तरी बैलजोडी घेतली, त्याला हे शिकवावं लागत नाही.

जीवाश्मांचा अभ्यासकही हेच करतो, पण त्याचं बोट आणखी आत, दाढांपर्यंत जातं. जनावराचं वय त्याला दुय्यम असतं. हे जनावर काय खात होतं, ते खाणं कुठे उगवत होतं आणि तसं रान उगवायला पाऊसपाणी कसं असावं लागेल, हे त्याला हवं असतं. गेल्या दोनशे वर्षांत भारतात खुरवाल्या सस्तन प्राण्यांचे हजारो अवशेष गोळा झाले आणि त्यांच्यावरून प्राचीन गवताळ माळांची, जंगलांची, दुष्काळांची चित्रं रेखाटली गेली. त्यातलं किती दाताने सांगितलं आणि किती आपण त्याच्या तोंडी घातलं, याचा हा आढावा.

दात काय सांगतो

खुरवाल्यांचे दोन मोठे गट. घोडा, गेंडा हे विषमखुरी. गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा हे समखुरी. पाय हाती नसला तरी एका दाढेवरून गट ओळखता येतो. रवंथ करणाऱ्याच्या दाढेवर चंद्रकोरींसारखी कडी दिसतात. डुकराच्या दाढेवर गोट्यांसारखे उंचवटे असतात. पाणघोड्याची दाढ झिजली की तिच्यावर बेलाच्या पानासारखी तीन पाळ्यांची आकृती उमटते. ती एकदा पाहिली की विसरत नाही.

पुढचा प्रश्न उंचीचा. गवताच्या पात्यात वाळूच्याच जातीचे सूक्ष्म कण असतात, शिवाय जमिनीलगत चरताना मातीही तोंडात जाते. या दोन्हींनी दात घासला जातो. म्हणून घोड्यासारख्या चरणाऱ्यांच्या दाढा उंच, आयुष्यभर झिजून पुराव्यात अशा. झुडपांचा पाला खुडणाऱ्यांना इतका साठा लागत नाही, त्यांच्या दाढा बुटक्या. झीजही वेगळी दिसते. पाला खाणाऱ्याच्या दाढेची टोकं धारदार राहतात, गवत खाणाऱ्याची बोथट आणि सपाट होतात.

तिसरी साक्ष रसायनाची. ज्वारी, मका, ऊस आणि माळावरची कुसळ, पवन्या, मारवेल ही गवतं हवेतला कार्बन एका पद्धतीने बांधतात. झाडं, झुडपं, कडधान्यं, कपाशी, गहू दुसऱ्या पद्धतीने. पहिल्या पद्धतीला शास्त्रात सी-फोर म्हणतात, दुसरीला सी-थ्री. कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण दोन्हींत वेगळं पडतं. दर हजारी मापात सी-थ्री वनस्पती सुमारे वजा 27 वर, तर सी-फोर सुमारे वजा 13 वर. मोठ्या रवंथी जनावराच्या दातावरच्या एनॅमलमध्ये हा आकडा साधारण 14 ने वर सरकतो. म्हणजे नुसता पाला खाल्लेल्याचा दात वजा 13 च्या आसपास येतो आणि नुसतं उन्हाळी गवत खाल्लेल्याचा अधिक 1 च्या आसपास. दोघांत फरक इतका मोठा की गफलत व्हायला जागा कमी. ज्वारीच्या कडब्यावर वाढलेला बैल आणि डोंगरात पाला खाणारा चौशिंगा यांचे दात दहा लाख वर्षांनीसुद्धा वेगळे ओळखता येतील.

हाड सच्छिद्र असतं आणि मातीतलं पाणी त्यात शिरून मूळ रसायन बिघडवतं. एनॅमल घट्ट, म्हणून भरवशाचा. शिवाय तो एकाच दिवशी तयार होत नाही, महिनोन्महिने वाढत जातो. दाताच्या उंचीवर ओळीने नमुने घेऊन त्यातला ऑक्सिजन मोजला तर पावसाळ्याचं पाणी आणि उन्हाळ्याचं पाणी वेगळं दिसतं.

इतकं सगळं असूनही दात सांगतो तो घास. घासावरून रान ठरवणं ही पहिली उडी आणि रानावरून हवामान ठरवणं ही दुसरी. वाद होतात ते या उड्यांवर.

काळ्या दगडातली मोठी सुट्टी

उंद्रीच्या विहिरीत लागणारा दगड हा दख्खनच्या लाव्ह्याचा. हे उद्रेक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे, डायनोसॉरांच्या अखेरच्या दिवसांतले. वितळलेल्या दगडात हाड टिकत नाही. पण दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, गाळ बसला आणि त्या पातळ थरांत काही जीव अडकले. मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यात किसलपुरी इथे अशाच थरातून मिलिमीटरांत मोजावा असा एक दात मिळाला. जी. व्ही. आर. प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याला खर्मेरुंग्युलॅटम हे नाव दिलं आणि तो खुरवाल्यांच्या मुळाशी ठेवला. एकाच दाताच्या बळावर एवढं मोठं नातं सगळ्यांनाच पटलेलं नाही. पण दख्खनच्या लाव्ह्याच्या काळात उंदराएवढे सस्तन प्राणी इथे वावरत होते, यात शंका उरली नाही.

त्या काळात चारा होता का? याचं उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याने दिलं. तिथे लाव्ह्याखालच्या थरात डायनोसॉरांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. 2005 मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्यात गवताचे सूक्ष्म वालुकाकण दाखवून दिले. गवत इतकं जुनं असेल असं तोवर मानलं जात नव्हतं. त्याच गोळ्यांत इतर झाडांचे अंशही होते, म्हणजे गवत हा जेवणातला एक पदार्थ. तिथे माळरान पसरलं होतं असं त्यावरून म्हणता येत नाही. महाराष्ट्रात गवत खाल्ल्याचा सर्वांत जुना पुरावा बिनखुराच्या प्राण्याचा आहे, एवढं मात्र म्हणता येतं.

त्यानंतर बुलढाण्यासारख्या पठारी प्रदेशात कोट्यवधी वर्षांची सुट्टी. लाव्हा थांबला, दगड झिजत राहिला, आणि झिजणाऱ्या जमिनीवर गाळ साठत नाही, वाहून जातो. खुरवाल्यांचा खरा विस्तार याच काळातला. त्याची पानं आपल्या पठारावर लिहिली गेलीच नाहीत. ती वाचायला बाहेर जावं लागतं.

जवळचं पान सुरत जिल्ह्यातल्या वस्तान इथलं. लिग्नाइटच्या या खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष मिळतात. 2005 मध्ये सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी कॅम्बेथेरियम हा शेळी-मेंढीच्या चणीचा प्राणी तिथून वर्णिला. 2014 मध्ये केनेथ रोझ यांच्या गटाने तो घोडे-गेंड्यांच्या घराण्याचा अगदी जवळचा नातेवाईक ठरवला आणि विषमखुरींचा उगम भारतात झाला असावा, असं मांडलं. याच खाणीत राळही सापडते, सालाच्या कुळातल्या झाडांची, आणि तिच्यात अडकलेले किडे. समुद्रालगतचं दमट, दाट जंगल होतं हे ठरलं ते कोळसा, राळ आणि किडे यांच्या एकत्रित साक्षीवरून. एकट्या दातावर कुणी विसंबलं नाही.

दुसरं उदाहरण जम्मू भागातल्या कालाकोटचं. ए. रंगाराव यांनी 1971 मध्ये इंडोह्यूस हा मांजरापेक्षा थोडा मोठा समखुरी प्राणी वर्णिला. दिसायला छोट्या हरणासारखा. पण 2007 मध्ये हान्स थेविसेन यांनी त्याची हाडं कापून पाहिली, तेव्हा ती पाणथळीत उभं राहणाऱ्या प्राण्यासारखी जाड भिंतींची निघाली. दातातल्या ऑक्सिजननेही पाण्यातल्या वावराला दुजोरा दिला. देवमाशाच्या पूर्वजांचा हा सख्खा शेजारी निघाला. नुसता पाय पाहिला असता तर त्याला जंगलात सोडून अभ्यासक मोकळे झाले असते.

शिवालिकचा धडा

हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांत ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांनी 1830 च्या दशकात हाडांचा खजिनाच उघडला. जिराफाच्या घराण्यातला, फांदीदार शिंगांचा धिप्पाड शिवाथेरियम त्यांनी 1836 मध्ये जगापुढे ठेवला. पण पर्यावरणाच्या दृष्टीने शिवालिकचं मोल तिथल्या सलग थरांत आहे. तीन बोटांचा घोडा हिप्पारियन सुमारे 1 कोटी 7 लाख वर्षांपूर्वी तिथे पोचला. घोडा आला म्हणजे माळरान आलं, असं जुनी पुस्तकं सांगत.

शिवालिकच्याच थरांत, पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर, जे क्वेड आणि थर सर्लिंग यांनी जुन्या मातीतला कार्बन मोजला आणि 1989 मध्ये निष्कर्ष छापला. दातांचे आकडे पुढे आले. सी-फोर गवताचा जोर तिथे सुमारे 80 ते 60 लाख वर्षांपूर्वीच्या टप्प्यात झाला. घोडा त्याच्या आधीच पंचवीस-तीस लाख वर्षं तिथे नांदत होता, पाला आणि सी-थ्री गवत खात. उंच दात होते, पण ज्या माळासाठी ते आहेत असं वाटत होतं तो माळ अजून यायचा होता. माळ आल्यावर पाल्यावर जगणारे प्राणी हळूहळू हटले आणि चरणारे वाढले.

हा बदल का झाला, यावर सुरुवातीला मोसमी पाऊस बळावल्याचं कारण दिलं गेलं. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड घटणं, कोरडे महिने लांबणं, वणवे अशी कारणं पुढे आली. घास निश्चित झाला, रानही बरंचसं निश्चित झालं. हवामानावर मात्र अजून चर्चा चालू आहे.

गोदावरी, प्रवरा, मांजरा

महाराष्ट्राची स्वतःची पानं उघडतात ती हिमयुगांच्या काळात, नद्यांच्या दरडींमध्ये. दगडगोट्यांचा कठीण, चुन्याने बांधलेला थर, त्यावर पिवळसर गाळ आणि सर्वांत वर काळी माती. हाडं मिळतात ती बहुधा खालच्या गोट्यांत आणि गाळात.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात मिळालेल्या प्राचीन हत्तीवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी 1905 मध्ये लिहिलं. हत्ती काटेकोरपणे खुरवाल्यांत मोडत नाही, पण त्याच गाळात त्याच्या सोबतीला रानबैल असतो: बॉस नामाडिकस. प्रवरेच्या काठी नेवाशाला हसमुख सांकलिया यांना 1950 च्या दशकात त्याचे अवशेष अश्मयुगीन हत्यारांच्या सोबतीने मिळाले आणि माणूस, जनावर आणि नदी यांचा एकत्र विचार सुरू झाला. डेक्कन कॉलेजच्या जी. एल. बादाम यांनी 1979 मध्ये ‘प्लाइस्टोसीन फॉना ऑफ इंडिया’ या ग्रंथात देशभरातल्या अशा अवशेषांची एकत्र मांडणी केली. गोदावरी, नर्मदा, घोड, मांजरा इथल्या यादीत तीच ती मंडळी पुन्हा भेटतात: रानबैल, रानम्हैस, घोडा, हरणं, काळवीट आणि पाणघोडा.

पाणघोडा म्हटलं की थबकायला होतं. मांजरेच्या काठी लातूर जिल्ह्यात हारवाडीला त्याचे अवशेष मिळाले आहेत, डेक्कन कॉलेजच्या विजय साठे यांनी त्यांचा अभ्यास केला. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तिथे पाणघोडा. तेव्हा पाऊस भरपूर असणार, असं चटकन वाटतं. पण पाणघोड्याला वर्षभर टिकणारा डोह पुरतो. दिवसा अंग बुडवायला पाणी आणि रात्री चरायला काठाचं गवत. आफ्रिकेत कोरड्या गवताळ मुलखातल्या नद्यांत तो आजही राहतो. हारवाडीचा दात डोहाची ग्वाही देतो. डोहापलीकडचा माळ हिरवा होता की करपलेला, हे त्याला विचारून उपयोग नाही. ते शेजारच्या काळविटाला आणि घोड्याला विचारावं. ती उघड्या रानाची जनावरं आहेत.

नदीच्या थरांचा अर्थही दरम्यान उलटला. सांकलियांच्या पिढीने गोट्यांचे आणि गाळाचे थर आलटून पालटून आलेल्या ओल्या-कोरड्या हवामानाशी जोडले होते. पुढे शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दख्खनच्या नद्या बऱ्याचदा मोसमी पाऊस दुबळा असताना गाळाने भरल्या आणि पाऊस बळावल्यावर त्यांनी तोच गाळ कोरून खोल पात्रं केली. म्हणजे हाडं ज्या जाड गाळात सापडतात तो बहुधा टंचाईच्या काळाचा. आधीच्या वाचनाप्रमाणे भरपूर हाडं म्हणजे भरपूर सुबत्ता, नव्या वाचनाप्रमाणे भरपूर हाडं म्हणजे आटत्या पाण्याभोवती गोळा झालेली जनावरं आणि वरून साचत गेलेला गाळ.

खानदेशातलं पाटणे हे या वाचनाला बळ देतं. चाळीसगावजवळच्या या ठिकाणी एस. ए. साळी यांना सुमारे 25,000 वर्षांपूर्वीच्या थरांत शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, एकावर कोरीव नक्षीसुद्धा. शहामृग दाट जंगलात राहत नाही. खुरवाल्यांच्या दातांनी जे सुचवलं त्याला एका पक्ष्याने दुजोरा दिला.

अडचण आहे ती वयाची. उष्ण प्रदेशात हाडातली प्रथिनं लवकर नष्ट होतात, त्यामुळे रेडिओकार्बन पद्धत अनेकदा लागूच पडत नाही. थरातल्या वाळूच्या कणांवर प्रकाशाचा शेवटचा स्पर्श केव्हा झाला ते मोजावं लागतं किंवा ज्वालामुखीच्या राखेचा आधार घ्यावा लागतो. पण राखही भांडण लावते. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीची राख कुणी 14 लाख वर्षांची ठरवली, कुणी सुमारे 6.7 लाख वर्षांची, तर कुणी ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या 74,000 वर्षांपूर्वीच्या स्फोटाची मानली. राखेवर विसंबणाऱ्या प्रत्येक हाडाचं वय या निकालासोबत पुढेमागे होतं.

कोण गेलं, कोण राहिलं

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यात मोठी जनावरं झपाट्याने संपली. भारताचा हिशेब वेगळा. 2021 मध्ये अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या यादीत कायमची गेलेली मोठी नावं मोजकी आहेत: दोन जातींचे हत्तीवर्गी प्राणी, पाणघोडा आणि नर्मदेचा घोडा. शहामृग इथून गेला, पण आफ्रिकेत राहिला. चितळ, सांबर, काळवीट, चौशिंगा, रोही टिकले. बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात रोही दिसला की आपण तो पिकाचा शत्रू म्हणून पाहतो. तो हिमयुगातून वाचलेल्यांपैकी एक आहे.

रानबैल रानातून संपला आणि गोठ्यात उरला. वशिंडाच्या भारतीय गोवंशाचा रानटी पूर्वज म्हणजे याच घराण्यातला बैल. सिंधूच्या पश्चिमेला, मेहरगडच्या परिसरात सुमारे 8,000 वर्षांपूर्वी तो माणसाळला.

तिथून पुढे खुरवाल्यांच्या हाडांचा अर्थ आणखी अवघड होतो, कारण घास आता माणूस ठरवू लागला. घोड नदीकाठच्या इनामगावचं उत्खनन 1968 ते 1983 चाललं. तिथल्या शेवटच्या टप्प्यात, इ.स.पू. 1000 नंतर, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि शेतीपेक्षा शेळ्या-मेंढ्यांवर भर वाढला. मधुकर ढवळीकर यांनी याचं कारण घटलेला पाऊस असं मांडलं. या अंदाजाला ताडून पाहायची सोय बुलढाणा जिल्ह्यातच आहे. लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या सुमारे 10 मीटर लांबीच्या गाळाच्या नळकांड्यात गेल्या 11,000 वर्षांची नोंद मिळाली. पाणी फार आटलं की तिथे गेलुसाइट नावाचे क्षारांचे स्फटिक बनतात. 2014 मध्ये सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्या गाळावरून दोन दीर्घ दुष्काळी कालखंड दाखवले: आजपासून सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा आणि सुमारे 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचा. इनामगावची घसरण या दोहोंच्या मधे पडते. म्हणजे ढवळीकर चुकलेच असं नाही, घोड नदीचं खोरं लोणारपासून दूर आहे. पण मेंढ्या वाढल्या म्हणजे पाऊस घटला, हे समीकरण आपोआप सुटत नाही.

उंद्रीचा बैल

उंद्री ज्या पठारी जिल्ह्यात आहे त्याचं काही पाणी उत्तरेला पूर्णा-तापीतून अरबी समुद्रात जातं, काही दक्षिणेला पैनगंगेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात. उत्तरेला पूर्णेचं खारपाणाचं खोरं, गाळ खूप खोल. जिथे नदीचा जुना गाळ आहे तिथे जनावरांची हाडं असण्याची शक्यता आहे. रेतीच्या घाटावर दगडासारखं जड, काळपट झालेलं हाड किंवा चंद्रकोरी असलेली दाढ दिसली तर उपटू नये. शेजारी नाणं ठेवून फोटो काढावा, कोणत्या थरात होती ते लिहावं आणि जाणकाराला कळवावं. थरातून सुटलेला दात म्हणजे तारीख फाटलेला सातबारा.

आणि शेवटी पुन्हा गोठ्यात. दोन पिढ्यांपूर्वी इथला बैल ज्वारीच्या कडब्यावर जगत होता. त्याच्या दातात सी-फोर गवताचा आकडा बसला. मग सोयाबीन आलं, ज्वारीचं क्षेत्र आटलं, आणि दावणीत सोयाबीनचं, तुरीचं, हरभऱ्याचं कुटार पडू लागलं. हे सगळं सी-थ्री. हजारो वर्षांनी कुणी उंद्रीचे दोन दात शेजारी ठेवले, आजोबांच्या बैलाचा आणि नातवाच्या बैलाचा, तर शिवालिकचा नियम लावून तो सहज लिहील की विसाव्या शतकाच्या अखेरीला इथला माळ हटला आणि जंगल दाटलं.

घासाबद्दल तो बिनचूक असेल. फसेल रानाबद्दल. त्याला वाचवतील त्या शेजारच्या साक्षी: दाढेची झीज, मातीतले परागकण, जळालेले दाणे, लोणारचा गाळ. बाजारातला जाणकारही नुसत्या दातांवर सौदा करत नाही. दात मोजून झाले की तो बैलाला चार पावलं चालवून बघतो.